आठवड्याला एक पौंड

१९३३च्या डिसेंबरातली गोष्ट. लंडनमध्ये मुसळधार पाऊस कोसळत होता आणि टॉवर ब्रिजपाशी ‘स्टाटहाउडर विलेम’ नावाची छोटी डच बोट सुटायच्या तयारीत होती. भिजत भिजत तिच्यावर चढलेला अठरा वर्षांचा मुलगा हा तिचा एकमेव उतारू होता. अंगात जुना लष्करी ओव्हरकोट, पायात खिळे मारलेले बूट, हातात काठी, पाठीवर सॅक. पॅट्रिक ली फर्मर त्याचं नाव, मित्रांमध्ये पॅडी. हॉलंडच्या किनाऱ्यावर उतरायचं आणि ऱ्हाईन, डॅन्यूब या नद्यांच्या काठाकाठानं थेट कॉन्स्टँटिनोपल गाठायचं, तेही पायी, असा त्याचा बेत होता. त्या शहराचं नाव १९३० सालीच अधिकृतपणे इस्तंबूल झालं होतं. पॅडीनं मात्र जुनं नाव कधी सोडलं नाही.

सॅक एका मित्राची होती. प्रवासलेखक रॉबर्ट बायरनबरोबर ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरचे मठ हिंडून आलेली. तिच्यात कपडे, वह्या, पेन्सिली आणि दोनच पुस्तकं होती: इंग्रजी कवितांचं एक संकलन आणि रोमन कवी होरेसचा एक खंड. पासपोर्टवर व्यवसायाच्या रकान्यात ‘विद्यार्थी’ असं लिहिलेलं होतं. खरं म्हणजे तो तेव्हा कुठल्याच शाळेचा विद्यार्थी नव्हता. कँटरबरीच्या किंग्ज स्कूलमधून त्याला काढून टाकलं होतं. भाजीवाल्याच्या मुलीचा हात धरून बसलेला सापडला, एवढं निमित्त झालं. सैन्यात अधिकारी व्हावं म्हणून अभ्यास सुरू केला होता, तोही मनातून उतरला. लंडनमध्ये लेखक व्हायचं स्वप्न, रात्री जागवणारी मित्रमंडळी, हाताला काम नाही आणि खिसा रिकामा, अशा अवस्थेत हा प्रवास त्याला सुचला. डोक्यावरचं सगळं ओझं उतरवून चालू लागायचं, भटक्यासारखं राहायचं, गवताच्या माळ्यावर झोपायचं, शेतकऱ्यांमध्ये आणि मजुरांमध्ये वावरायचं.

या मुलाचा आपल्या मातीशी एक धागा आहे, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. त्याचे वडील लुईस ली फर्मर हे नामवंत भूवैज्ञानिक. मुलगा युरोपात पायपीट करत होता तेव्हा ते कलकत्त्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक होते. नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या पट्ट्यातल्या मँगनीजचा त्यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. १९०९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतातल्या मँगनीज-खनिजांवरचा जाडजूड ग्रंथ त्या विषयाचा पाया मानला जातो. भुसावळला कोळशाच्या शोधात खोल बोअर घेतलं होतं. त्यातून निघालेल्या बेसॉल्टच्या थरांवर, म्हणजे आपल्या काळ्या कातळाच्या पोटात काय आहे यावर, त्यांचा निबंध १९२५ साली छापून आला. छिंदवाडा जिल्ह्यातल्या सीतापारच्या खाणीत सापडलेल्या एका खनिजाला ‘फर्मोराइट’ हे त्यांचंच नाव आहे. दगडांशी इतकी जवळीक असलेल्या या माणसाचा मुलाशी संबंध मात्र तुटपुंजा राहिला. पॅडी तान्हा असताना पहिलं महायुद्ध चालू होतं. आई मोठ्या मुलीला घेऊन भारतात परतली आणि त्याला इंग्लंडमधल्या एका शेतकरी कुटुंबाकडे ठेवलं. तिथं तो चार वर्षांचा होईपर्यंत मोकाट वाढला. पुढं आईवडील विभक्त झाले, आणि वडील रजेवर आले तर भेट व्हायची. परक्या घरात रुळायची कला या मुलानं चालायला शिकता शिकताच उचलली असावी. पुढच्या प्रवासात तीच त्याच्या कामी आली.

पैशाचं गणित सोपं होतं. आठवड्याला एक पौंड. महिन्याचे चार पौंड घरून पुढच्या एखाद्या मोठ्या शहराच्या टपाल कचेरीत यायचे, तिथं पोचून ते उचलायचे. एवढ्यात भाकरी, चीज, दारू, तंबाखू, बुटांचे तळवे सगळं बसवायचं. मुक्कामासाठी यातून फारसं काही उरणार नाही हे उघड होतं, आणि इथूनच या प्रवासाची खरी गोष्ट सुरू होते. थंडी, अंतर, डोंगर यांना तोंड देणारा धाडसी मुलगा एवढंच पाहिलं तर या प्रवासाचं अर्धंच चित्र दिसतं. पॅडी इस्तंबूलला पोचला तो इतरांनी पोचवला म्हणून.

पहिल्याच सकाळी याची सुरुवात झाली. रॉटरडॅममध्ये बर्फ पडत होतं. बंदराजवळच्या एका खाणावळीत त्यानं न्याहारी केली. कुठं निघालास, असं मालकानं विचारलं. कॉन्स्टँटिनोपल, हे उत्तर ऐकून मालकानं दोन छोटे पेले भरले, एक त्याच्यापुढे ठेवला, एक आपण उचलला, आणि पैसे घ्यायला नकार दिला. हॉलंडमध्ये आणखी एक सोय कळली. रात्री आसरा नसलेल्या वाटसरूला पोलिस चौकीच्या कोठडीत झोपू देत, आणि सकाळी निघताना कॉफी-पावही देत. जर्मनीत गेल्यावर त्याहून पद्धतशीर व्यवस्था भेटली. पायी फिरणाऱ्या विद्यार्थ्यानं गावच्या प्रमुखाकडे जायचं, त्यानं एक चिठ्ठी द्यायची, ती गावातल्या खाणावळीत दाखवली की रात्रीचं जेवण, पलंग आणि सकाळची न्याहारी मिळे, आणि खर्च गावाच्या खात्यावर पडे. शतकानुशतकं गावोगाव फिरणारे विद्यार्थी आणि कारागीर यांच्यासाठी पडलेली ही रीत १९३४ सालीही चालू होती, हे वाचताना आश्चर्य वाटतं.

ही तीच जर्मनी, जिथं हिटलर सत्तेवर येऊन वर्षही झालं नव्हतं. सरहद्द ओलांडल्यावरच्या पहिल्या गावात, गोखमध्ये, रस्तोरस्ती स्वस्तिकाचे झेंडे होते. कपड्यांच्या दुकानात नाझी गणवेश मांडलेले, आणि रात्री खाणावळीत तपकिरी सदऱ्यांतल्या पोरांची गाणी. पॅडीला तेव्हा राजकारणात गती नव्हती, ही गोष्ट त्यानं पुढं स्वतःच सांगितली. पण त्याची नजर पक्की होती. ऱ्हाईनकाठच्या एका गावात रात्री उशिरापर्यंत चाललेल्या मजुरांच्या गुत्त्यात त्याची एका तरुण कामगाराशी ओळख झाली. त्या तरुणानं त्याला झोपायला आपल्या माळ्यावरच्या खोलीत नेलं. खोली म्हणजे हिटलरचं देवघरच होतं: झेंडे, तसबिरी, घोषवाक्यं, गणवेश. पॅडी बघत राहिला तेव्हा तो हसून म्हणाला, गेल्या वर्षी यायला हवं होतंस. तेव्हा याच भिंतींवर लाल झेंडे होते, लेनिन होता, स्टालिन होता. नाझींची गाणी म्हणणाऱ्यांना आपण बडवत होतो, आणि मग एका दिवसात सगळं बदललं. मित्रांचंही तसंच झालं, हे त्यानं अगदी सहज सांगितलं. मग यजमानानं पाहुण्याची नीट सोय लावून दिली आणि दोघं झोपी गेले. जर्मनी कशी फिरली यावर ग्रंथांचे ढीग पडले आहेत. पण एका गरीब, अगत्यशील पोराच्या चार भिंतींवर वर्षभरात बदललेली चित्रं इतकं काही सांगून जातात की हा प्रसंग पुसता पुसला जात नाही.

म्युनिकमध्ये मात्र त्याची पुरती दैना झाली. हॉफब्रॉयहाउस या प्रसिद्ध बिअरगृहात तो इतका प्यायला की शुद्ध हरपली. शेजारी बसलेल्या एका सुतारानं त्याला घरी नेऊन निजवलं. दुसऱ्या दिवशी युवा वसतिगृहात गेला तर सॅक गायब. पासपोर्ट, पैसे, पुस्तकं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घर सोडल्यापासून लिहिलेली वही, सगळंच गेलं. ब्रिटिश वकिलातीनं नवा पासपोर्ट दिला; तिथल्या अधिकाऱ्यानं पाच पौंड हातावर ठेवले आणि जमेल तेव्हा परत कर म्हणून सांगितलं. म्युनिकबाहेर राहणाऱ्या एका बाल्टिक सरदार कुटुंबाशी त्याची ओळख करून देणारी पत्रं गेलेली होती. रशियन क्रांतीनंतरच्या धामधुमीत त्यांनी स्वतः घरदार गमावलेलं होतं. त्यांनी त्याला ठेवून घेतलं, दुसरी सॅक दिली, आणि होरेस हरवला म्हणून हळहळणाऱ्या या पोराला होरेसचीच सतराव्या शतकातली, तळहातावर मावेल अशी प्रत भेट दिली. शिवाय पुढच्या वाटेवरच्या आपल्या मित्रांना पत्रं लिहिली. त्या पत्रांनी प्रवासाचा रंगच बदलला. गवताच्या माळ्यावर झोपणारा पॅडी अधूनमधून ऑस्ट्रियातल्या, हंगेरीतल्या गढ्या-वाड्यांत, रेशमी चादरींवर झोपू लागला, आणि एका यजमानाचं पत्र त्याला पुढच्या यजमानाकडे पोचवू लागलं.

इथं एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवायला हवी. सगळ्यांनाच ही दारं उघडली नसती. तो इंग्रज होता, गोरा होता, शिकलेला होता, देखणा आणि बोलका होता. त्याच वर्षी त्याच रस्त्यांवरून चालणाऱ्या एखाद्या रोमा जिप्सी तरुणाला गावप्रमुखाची चिठ्ठी मिळाली नसती. तरीही त्याच्या पदरी जे पडलं ते नुसत्या रंगरूपावर पडलं नाही. समोरच्याकडून शिकायची त्याची भूक अफाट होती. भाषा, गाणी, शिव्या, प्रार्थना, घराण्यांचे वंशवृक्ष, काहीही त्याला चालत असे, आणि यजमानाला पाहुण्याची अशी भूक आवडतेच.

व्हिएन्नात तो फेब्रुवारी १९३४मध्ये पोचला तेव्हा शहरात गोळीबार चालू होता. सरकार आणि समाजवादी यांच्यातल्या त्या छोट्या गृहयुद्धात कामगारांच्या चाळींवर तोफा डागल्या गेल्या. टपाल कचेरीत पैसे आलेले नव्हते. साल्व्हेशन आर्मीच्या धर्मशाळेत पॅडीच्या शेजारच्या खाटेवर कोनराड होता. फ्रिशियन बेटांवरून आलेला हा निष्कांचन, सज्जन माणूस शेक्सपिअर वाचून इंग्रजी शिकलेला, त्यामुळे बोलणं सगळं नाटकातल्यासारखं. तुला चित्रं काढता येतात ना, मग घरोघर जाऊन लोकांची काढ, ही कल्पना त्याची. पॅडी लाजत, अडखळत लोकांच्या घंटा वाजवू लागला. कोनराड खाली जिन्याशी थांबे. काही शिलिंगांत एक चित्र, आणि त्यावर दोघांचं जेवण. पैसे आल्यावर पॅडीनं त्यातले काही कोनराडला दिले. त्या भांडवलावर कोनराडनं सॅकरिनच्या चोरट्या व्यापारात उडी घ्यायचं ठरवलं. पॅडीनं पुढं पुस्तकांत रेखाटलेल्या असंख्य माणसांत सरदार आहेत, पंडित आहेत, राजघराण्यातल्या स्त्रिया आहेत. पण वाचकाच्या मनात घर करून राहतो तो कोनराड.

३१ मार्चला, ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी, तो चेकोस्लोव्हाकियाच्या बाजूनं डॅन्यूबवरच्या पुलावर उभा होता. पलीकडे हंगेरीतलं एस्टरगोम आणि त्याचं भलंमोठं कॅथीड्रल. या प्रवासावरच्या त्याच्या पहिल्या पुस्तकाचा शेवट इथंच, पुलाच्या मधोमध होतो. हा मारिया व्हालेरिया पूल १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं उडवला आणि नंतर तो २००१ सालापर्यंत तसाच तुटका होता.

लंडन ते एस्टरगोम हा टप्पा त्याला सुमारे सोळा आठवडे लागला. आज त्याच्या वाटेवरचे हॉलंड, जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, रोमानिया, बल्गेरिया हे सगळे देश शेंगेन करारात आहेत. शेवटचे दोन जानेवारी २०२५पासून पूर्णपणे. हद्दींवर कायमच्या चौक्या उरलेल्या नाहीत. पण पुण्या-नाशिकचा एखादा मुलगा हाच बेत घेऊन निघाला तर त्याला १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. म्हणजे पॅडीच्या चालीनं व्हिएन्ना सोडता सोडताच त्याची मुदत संपेल. अर्जासोबत किमान ३०,००० युरोंचा विमा, बँकेची खातेपत्रकं, मुक्कामाची कागदपत्रं जोडायची. ‘झोपेन कुठल्या तरी गोठ्यात’ हे उत्तर व्हिसाच्या खिडकीवर चालत नाही. त्यामुळे आपल्याकडची तरुण मुलं मुदतीचा हिशेब मांडतच युरोप फिरतात आणि मुक्कामांची घाई करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. रेंगाळायला वेळ लागतो, आणि पारपत्र कुठलं यावर हा वेळ किती मिळणार ते ठरतं.

पॅडीला तो भरपूर मिळाला. बुडापेस्टनंतर हंगेरीचं मैदान, मग ट्रान्सिल्व्हेनिया. उन्हाळा वाड्यांमागून वाडे करत गेला: ग्रंथसंग्रह, घोडदौड, एक उत्कट प्रेमप्रकरण, आणि पतंग-फुलपाखरांचा अभ्यास करणारा तेलेकी घराण्यातला एक काउंट. पुस्तकात तो मैदान घोड्यावरून पार करताना दिसतो. प्रत्यक्षात बरंचसं अंतर तो चाललाच होता. वाचकाला पायपिटीचा कंटाळा येईल म्हणून आपण स्वतःला काही काळ घोड्यावर बसवलं, अशी कबुली त्यानं पुढं आपल्या चरित्रकार आर्टेमिस कूपर यांना दिली. प्रवासवर्णनात असं चालावं का? घोड्याचं एक वेळ सोडून देता येईल. पण ज्यांची दुसरी कुठलीच नोंद उरलेली नाही, त्या माणसांच्या बाबतीत खरं काय आणि रचलेलं काय याची रुखरुख वाचकाला लागून राहते.

कार्पेथियनच्या रानात, वाड्यांपासून लांब, त्याला एका संध्याकाळी लाकूडतोड्यांचा तळ लागला. मुकादम ज्यू होता, धिप्पाड. त्याच्याकडे सातू मारे इथले त्याचे रब्बी भाऊ आपल्या दोन मुलांसह आले होते. दिव्याच्या उजेडात काळ्या कपड्यांतली ती मुलं जाड पोथ्यांवर वाकून बसली होती. रब्बींनी विचारलं, पायी का हिंडतोस? पॅडीला नीट सांगता येईना. मजेसाठी, असं तो म्हणाला. सगळे एकमेकांकडे बघून हसले. इतरधर्मीयांच्या असल्या हौशी आपल्याला काही कळत नाहीत, असा त्या हसण्याचा भाव. मग पॅडीनं हिब्रू कानाला कशी लागते ते ऐकवाल का म्हणून विचारलं. बायबलमधली जी पदं त्याला इंग्रजीत पाठ होती, ती तो सुचवू लागला आणि रब्बी ती मूळ भाषेत म्हणून दाखवू लागले. मुलंही सरसावली. अनोळखी पोराला आपल्या पोथीत इतका रस आहे हे बघून सगळा तळ खुलला. बोलण्यात जर्मनीचा विषय निघाला. काळजी सगळ्यांनाच होती. पण हेही दिवस जातील, अशी आशा होती.

१९४४च्या मे-जूनमध्ये सातू मारेचे ज्यू ऑशवित्झला पाठवले गेले. त्या रब्बींचं आणि मुलांचं काय झालं हे पुस्तक सांगत नाही. पण १९८६ साली दुसरा खंड वाचणाऱ्या प्रत्येकाला ते मनात येतंच, आणि लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक होतं.

डॅन्यूब जिथं डोंगर कापून ‘लोहद्वारा’तून बाहेर पडते तिथं अदा काले नावाचं चिमुकलं बेट होतं. ऑटोमन साम्राज्य ओसरल्यावर मागे राहिलेली तुर्की वस्ती, मशीद, हुक्का ओढत बसलेले म्हातारे आणि कडक कॉफी. पॅडी तिथं राहिला. आज तिथं पाण्याखेरीज काही नाही. रोमानिया आणि युगोस्लाव्हियानं १९६४ ते १९७२ या काळात बांधलेल्या धरणानं बेट बुडवलं.

बल्गेरियात, काळ्या समुद्राकाठी तो जिवावरच्या प्रसंगातून वाचला. डिसेंबरची रात्र, किनाऱ्यावरची वाट अंधारात हरवलेली. खडकांवरून घसरून तो पाण्यात पडला. विजेरी गेली, एक बूट गेला. गारठून, रक्ताळलेल्या अंगानं, चाचपडत पुढं सरकताना एका गुहेत उजेड दिसला. आत बल्गेरियन धनगर आणि ग्रीक कोळी शेकोटीभोवती बसले होते, शेळ्या मागे अंधारात. त्यांनी त्याचे ओले कपडे काढले, अंग चोळलं, आपल्या कांबळ्यांत गुंडाळलं, दारू पाजली, मासळी खाऊ घातली. मग वाद्यं निघाली आणि एक कोळी नाचायला उठला. ग्रीक नाचाशी आणि ग्रीक माणसांशी पॅडीची ही पहिली घट्ट ओळख. त्याच्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग ग्रीसमध्येच गेला.

१९३४च्या अखेरीस तो इस्तंबूलला पोचला. पुढं अथेन्समध्ये त्याची बालाशा कांताकुझिन या रोमानियन राजकन्येशी गाठ पडली. तिच्या मोल्डाव्हियातल्या घरी तो बराच काळ राहिला, आणि सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू होताच सैन्यात भरती व्हायला निघून गेला. एप्रिल १९४४मध्ये क्रीट बेटावर त्यानं आणि साथीदारांनी जर्मन जनरल क्राइपेला पळवलं. डोंगरातल्या एका पहाटे बर्फाच्छादित शिखर पाहून कैदी जनरल होरेसच्या एका कवितेची पहिली ओळ पुटपुटला, आणि पॅडीनं ती कविता लॅटिनमध्ये शेवटपर्यंत म्हटली.

त्याच्या वह्यांचं नशीब मात्र खडतर. एक म्युनिकला चोरीला गेली, लंडनमध्ये ठेवायला दिलेल्या काही कायमच्या गेल्या. एक हिरवी वही बालाशाकडे राहिली. साम्यवादी सरकारनं १९४९ साली त्या कुटुंबाला घराबाहेर काढलं. आवरायला काही मिनिटंच मिळाली, आणि त्या घाईत तिनं ती वही उचलली. १९६५ साली तो तिला रोमानियात भेटला तेव्हा तिनं ती त्याच्या हातात ठेवली. ‘अ टाइम ऑफ गिफ्ट्स’ हे या प्रवासावरचं पहिलं पुस्तक १९७७ साली, तो बासष्ट वर्षांचा असताना आलं. ‘बिट्विन द वुड्स अँड द वॉटर’ १९८६ साली. तिसऱ्याची वाचकांना पाव शतक वाट बघावी लागली, आणि जून २०११मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी तो गेला तेव्हाही ते पुरं झालेलं नव्हतं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात निक हंट नावाचा इंग्रज तरुण त्याच्याच पुस्तकांना नकाशा मानून हॉलंडहून इस्तंबूलला चालत निघाला. मोटाररस्त्यांच्या कडेनं, अनोळखी लोकांच्या घरी मुक्काम करत तो पोचलाही. वाडे मात्र बदलले होते. तेलेकी काउंटच्या कापुलनाशच्या हवेलीत मनोरुग्णालय होतं.

‘द ब्रोकन रोड’ हा तिसरा खंड २०१३ साली आला. कॉलिन थुब्रन आणि आर्टेमिस कूपर यांनी तो पॅडीच्या १९६०च्या दशकातल्या हस्तलिखितावरून सिद्ध केला. पायी चालण्याच्या आनंदावर लेख लिहा, असं एका अमेरिकी मासिकानं सुचवलं होतं. तो लेख लिहिता लिहिता हाताबाहेर गेला आणि त्यातून हे हस्तलिखित झालं. ते काळ्या समुद्राच्या काठी, एका वाक्याच्या मध्यातच थांबतं. संपादकांनी ते वाक्य पुरं केलेलं नाही. त्याऐवजी त्यांनी १९३५च्या हिवाळ्यातली, इस्तंबूलहून पुढं आथोसला गेल्यावर लिहिलेली डायरी जोडली आहे. या एवढ्याच भागात म्हाताऱ्या लेखकाची झिलई फारशी नाही. अकरा फेब्रुवारीला, विसाव्या वाढदिवशी, तो सेंट पँटेलिमॉन या रशियन मठात होता. या मठातून त्या मठात बर्फातून चालत जाणारा पॅडी रात्री बसून त्या दिवसाबद्दल लिहितो: वाट कुठं चुकली, कुठल्या भिक्षूनं दार उघडलं, काय वाढलं, आणि गप्पा कशावर झाल्या.